पोटाचा घेर आणि शेतकऱ्याचे ताट

पिकावरील रोगाची चिन्हे दुरून ओळखणारा शेतकरी स्वतःच्या शरीरातील चिन्हांकडे मात्र दुर्लक्ष करतो, ही खेदाची गोष्ट होय. मधुमेह व रक्तदाब हे शहरातील बैठ्या लोकांचे विकार असून कष्टकऱ्यांस त्यांचे भय नाही, असा समज खेडोपाडी अद्याप रूढ आहे. आमच्या मते हा समज आता टाकून दिला पाहिजे.

शेतीतील कष्टांचे स्वरूप पालटले आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, मळ्यात मोटारसायकलवरून जाता येते आणि विहिरीवरील मोटार घरबसल्या मोबाईलवरून चालू होते. यात गैर काही नाही. यंत्राने शेतकऱ्याची पाठ वाचविली आहे. परंतु श्रम घटले तरी आहार घटला नाही. उलट त्यात गोड चहा, बिस्किटे व फरसाण यांची भर पडली आणि अनेक घरांतील भाकरीची जागा पांढऱ्या तांदळाने व मैद्याच्या पदार्थांनी घेतली.

‘मी तर सडपातळ आहे’ असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील नवजात बालकांची इंग्लंडमधील बालकांशी तुलना करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तेथील बालकांचे ३.५ किलो होते. तथापि आपल्या बालकांत स्नायू कमी असूनही चरबी त्या मानाने टिकून होती. अर्थात केवळ वजनकाट्यावर विसंबून चालणार नाही.

पोटाचा वाढलेला घेर, वाढलेला रक्तदाब, उपाशीपोटी वाढलेली रक्तशर्करा, रक्तातील वाढलेली ट्रायग्लिसराइड चरबी आणि हितकर कोलेस्टेरॉलची कमतरता या पाचांपैकी कोणतीही तीन लक्षणे एकत्र आढळल्यास त्या अवस्थेस मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पुढे मधुमेह व हृदयविकार यांची वाट त्यातूनच जाते. यांपैकी घेर मोजण्यास केवळ शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, घेर मोजावा. आपल्याकडील पुरुषांत तो ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक भरल्यास आरोग्य केंद्रात रक्तदाब व रक्त तपासून घ्यावे.

उपाय खर्चिक नाहीत. भाकरी ज्वारी, बाजरी वा नाचणीची असावी, पण तीही बेतानेच खावी. ताटात डाळ, उसळ व पालेभाजी वाढवावी. चहातील साखर, तळीव पदार्थ आणि लोणचे-पापडातील मीठ कमी करावे. तंबाखू व मद्य वर्ज्य करावे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चालावे. भारतातच झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्तशर्करा वाढू लागलेल्या लोकांनी आहार व व्यायाम सुधारल्यामुळे मधुमेह होण्याचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे २८ टक्क्यांनी घटले. मात्र ज्यांना औषधे चालू आहेत त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाण्यांच्या माहितीबरोबर एक टेपही पिशवीत ठेवावी, आणि शेतकरी बंधूंनी सारे धान्य बाजारात न पाठविता घरापुरती ज्वारी व कडधान्ये राखून ठेवावीत. जमिनीचा कस राखणाऱ्याने स्वतःच्या देहाचा कसही राखलाच पाहिजे.