निवडून आले, शेड्यूलवर नाहीत

श्रमशिबिरे भरवणाऱ्या संस्थांकडून अलीकडे जी पत्रे आली, त्यांतली बहुतेक चेंज रिपोर्टबद्दल, म्हणजे पदाधिकाऱ्यांतला बदल धर्मादाय कार्यालयाला कळवण्याबद्दल आहेत. तीन वर्षांसाठी निवडलेली कार्यकारिणी मुदत संपवून घरी जाते, तरी शेड्यूल वनवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर, नावे तिच्या आधीच्यांचीच. पुढच्या निवडणुकीचा रिपोर्ट दाखल करायला जावे, तर आधीचा निकाली निघू द्या, असे ऐकून परत यायचे. एका संस्थेच्या उताऱ्यावर दिवंगत अध्यक्ष अजून पदावर आहेत.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली रिपोर्ट द्यायला आपल्याला मुदत 90 दिवसांची. ती चुकली की विलंबमाफीचा अर्ज, त्यावर सुनावणी, त्यावर तारीख. विश्वस्तांच्या बदलाला 15 कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मान्यता देता येईल, अशी दुरुस्ती 2017 मध्ये झाली. पत्रे वाचून वाटते, ती बऱ्याच कार्यालयांत अजून पोचायची आहे.

स्थानिक देणग्यांवर चालणारी संस्था हे कसेबसे निभावते. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेशी जोडलेल्या संस्थेचे मात्र हाल होतात. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या श्रमशिबिरे भरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची घडण पाहा. 1920 मध्ये व्हर्दनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात तिचे संस्थापक पिएर सेरेझोल यांनी पहिले शिबिर भरवले; 1934 च्या भूकंपानंतर ते बिहारमध्ये येऊन राबले. आज संघटनेच्या शाखा आपापल्या देशाच्या कायद्याने चालतात. त्यांचे प्रतिनिधी वर्षातून एकदा जमतात, धोरण ठरवतात, आंतरराष्ट्रीय कार्यकारिणी निवडतात. जिथे वरून हुकूम सोडणारा मालक नाही, तिथे शाखेच्या वतीने बोलायचा आणि सही करायचा अधिकार कोणाचा, हे कागदावर स्पष्ट असावेच लागते.

आपल्याकडे नेमके तेच अधांतरी. परदेशी देणग्यांच्या केंद्रीय कायद्याखाली (एफसीआरए) पदाधिकाऱ्यांतला बदल 45 दिवसांत ऑनलाइन कळवायचा. म्हणजे दिल्लीला नवा सचिव कळवलेला, शेड्यूलवर जुना, आणि बँक शेड्यूल मागते. परदेशातल्या सभेत ज्याचे मत मोजले जाते, त्याची सही इथल्या चेकवर चालत नाही. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा एका एफसीआरए संस्थेकडून दुसरीकडे वळवताही येत नाही, त्यामुळे शेजारच्या संस्थेने तोवर सांभाळून घ्यावे, ही वाटही बंद.

पण सगळे खापर कार्यालयावर फोडू नका. सभेची नोटीस फक्त व्हॉट्सॲपवर, पोच कुणाचीच नाही. राजीनामे तोंडी. संमतीपत्रे निवडणुकीनंतर सहा महिन्यांनी गोळा केलेली. ठरावाच्या प्रतीवर मागची तारीख. आणि मग तीन मुदतींचे रिपोर्ट एकदम घेऊन वकिलाकडे धाव! असे बाड पाहून कोणता निरीक्षक आक्षेप काढणार नाही? शिबिरात खोऱ्यांचा हिशेब संध्याकाळी लागतो. वार्षिक सभेचे इतिवृत्त वर्षभर कच्चेच पडून असते.

आता कामाचे. ज्यांची निवडणूक येत्या तिमाहीत आहे, त्यांनी नोटिसा पोस्टाने पाठवून पोचपावत्या जपाव्यात, संमतीपत्रे त्याच दिवशी घ्यावीत, आणि रिपोर्टसोबतच तात्पुरत्या मान्यतेचा लेखी अर्ज द्यावा. तोंडी विनंती करून परतू नका, आवक क्रमांक घेऊनच निघा. ज्यांचे रिपोर्ट वर्षाहून जास्त रखडले आहेत, त्यांनी दाखल केल्याची तारीख आणि रोजनाम्याच्या प्रती आमच्याकडे पाठवाव्यात. पुढच्या अंकात जिल्हावार तक्ता छापू आणि तोच धर्मादाय आयुक्तांना देऊ. दहा तारखेनंतर आलेले कागद या तक्त्यात घेता येणार नाहीत.