यंत्राची निद्रा आणि अपमृत्यू

लॅपटॉप नावाचे यंत्र हल्ली आमच्या वऱ्हाडातील सुशिक्षित घरांत पाटी-पेन्सिलीइतके परिचयाचे झाले आहे. त्याच्याविषयी अनेक तक्रारी कानांवर येतात. परंतु त्यांतील एक विशेष विचार करण्याजोगी आहे. दिवसभर यंत्र निमूटपणे काम करते. घरखर्चाचा हिशेब, मुलांचे पाठ, दूरदेशीच्या लेकीशी संभाषण, सारे सुरळीत होते. रात्री झाकण मिटून त्यास निजवावे आणि सकाळी उघडावे, तो आत काहीच नाही! अर्धवट राहिलेले लेखन गेले, उघडी ठेवलेली पाने मिटली, आणि यंत्र जणू आजच जन्मास आल्याप्रमाणे परवलीचा शब्द विचारीत बसले आहे. काम करताना जे बिघडत नाही ते झोपताना कसे बिघडते, असा प्रश्न मग घरातील वडीलधाऱ्यांस पडतो, व तो अगदी रास्त आहे.

याचे उत्तर असे की, निजणे हेच या यंत्राचे एक अवघड काम आहे. पंधरा-वीस माणसे एकत्र नांदत अशा वाड्यातील रात्रीची निरवानिरव ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे चटकन उमजेल. विस्तव विझवावयाचा, दूध विरजावयाचे, गुरांपुढे वैरण टाकावयाची, दिंडीदरवाजास अडसर घालावयाचा. ज्याचे त्याने काम उरकले अशी खात्री झाल्यावाचून घरातील कर्ती बाई दिवा मालवीत नसे. एखादा मुलगा परसात गेला आहे आणि हाकेस ओ देत नाही, असे झाले म्हणजे सारे घर ताटकळत राही. लॅपटॉपातही हेच घडते. झाकण मिटताच आतील मुख्य व्यवस्था एकेका अवयवास हाक घालते. पडदा, ध्वनी, वायफाय, तबकडी, जोडलेला छापखाना, प्रत्येकाने आपला पसारा आवरून 'झाले' असे कळवावयाचे असते. सर्वांचा होकार आला म्हणजे वीज काढून घेतली जाते. फक्त स्मरणशक्तीचे जे दालन, ज्यास रॅम म्हणतात, त्यास जीव धरून राहण्यापुरती विजेची बारीक धार चालू राहते.

व्यवस्था आणि अवयव यांची भाषा एक नसते. म्हणून दोहोंच्या मध्ये ड्रायव्हर नावाची एक छोटी आज्ञावली बसविलेली असते. नावावरून सारथ्याचा भास होतो खरा. पण तिचे काम दुभाष्याचे आहे. हा दुभाषी गोंधळला आणि त्याने 'झाले' हा निरोप दिलाच नाही, म्हणजे व्यवस्था काही मिनिटे वाट पाहते. तरीही उत्तर न आल्यास, पुढे गेल्याने आतील माहितीचा विध्वंस होईल या भीतीने ती स्वतःच सर्व काम थांबवते, झाल्या प्रकाराची टिपणी लिहून ठेवते, व यंत्र नव्याने सुरू करते. निळा पडदा म्हणून ज्याची एवढी धास्ती घेतली जाते तो हाच. या प्रसंगी त्यावर बहुधा 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' अशी अक्षरे असतात व टिपणीत 'नऊ एफ' हा अंक पडतो. परंतु पडदा त्यापूर्वीच काळा झालेला असल्याने घरातील कोणाच्याच दृष्टीस ते पडत नाही. निळा पडदा हा रोग नव्हे, वैद्याची चिठ्ठी आहे, हे ध्यानात ठेविले म्हणजे पुष्कळ घबराट टळेल.

आता निद्रेचे प्रकार पाहू. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून 'एसीपीआय' नावाचे नियमपत्र प्रसिद्ध केले. यंत्राने किती जागावे व किती निजावे याच्या पायऱ्या त्यात 'एस-शून्य' पासून 'एस-पाच' पर्यंत ठरविल्या आहेत. माण्डूक्योपनिषदातील अवस्थांची येथे आठवण होते. तुलना कोणास ओढाताणीची वाटेल, पण समजण्यास सोयीची आहे. 'एस-शून्य' ही जागृती. 'एस-तीन' ही सुषुप्ती; सर्व इंद्रिये मिटली, केवळ स्मृतीचा प्राण चालू. 'एस-चार', ज्यास हायबरनेट म्हणतात, ती निराळीच चीज आहे. तीत स्मृतीतील सारे तबकडीवर उतरवून ठेवतात व वीज पुरती बंद करतात. मग बॅटरी संपली तरी लिहिलेले जात नाही. 'एस-पाच' म्हणजे यंत्र बंद. २०१२ साली विंडोजच्या आठव्या आवृत्तीबरोबर आणखी एक प्रकार निघाला व २०१५ पासून तो 'मॉडर्न स्टँडबाय' या नावाने रूढ झाला. ही खरी स्वप्नावस्था. बाहेरून पडदा काळा, पण आत यंत्र मधूनमधून हालचाल करून टपाल आणते व निरोप घेते. तुरीयेशी यंत्राचा काही संबंध नाही, हे सांगणे नलगे.

पुष्कळ नव्या लॅपटॉपांत सुषुप्ती काढून टाकून ही स्वप्नावस्थाच ठेवली आहे. आपल्या यंत्रास कोणती झोप येते हे जाणण्याचा उपाय सोपा आहे. 'कमांड प्रॉम्प्ट' ही खिडकी उघडावी. तीत पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी ही इंग्रजी अक्षरे सलग लिहावी, एक जागा सोडावी, पुढे झुकलेली तिरपी रेघ व तिला लागून ए हे अक्षर घालावे, आणि एंटर दाबावे. उपलब्ध झोपांची यादी समोर येते.

हे सर्व सांगण्याचे कारण आमच्या थोरल्या बंधूंच्या अकोल्याच्या घरी गेल्या वर्षी घडले. आमच्या आजोबांची मोडी लिपीतील शंभर-सव्वाशे पत्रे त्या घरी होती. त्यांतील बरीच पुढे वाळवीने खाल्ली. परंतु त्यापूर्वीच आमच्या पुतणसुनेने सर्वांची छायाचित्रे काढून लॅपटॉपात ठेविली होती. रात्री मुले निजल्यावर एकेक पत्र देवनागरीत उतरवावयाचे, हा तिचा दोन वर्षांचा क्रम. छायाचित्रांची दुसरी प्रत मात्र कोठेही नव्हती. यंत्र झोपेत मरू लागले, तेव्हा पुतण्याने ते अमरावतीस आणून एका दुरुस्तीच्या दुकानात दाखविले. तो नोकरीनिमित्त आठवडाभर आमच्याकडेच असतो. दुकानदाराने यंत्र पुरते उघडूनही न पाहता निदान केले की, 'फॉरमॅट मारावा लागेल.' म्हणजे तबकडी धुऊनपुसून कोरी करावयाची! पुतण्या होकार देण्याच्या बेतात होता, पण त्याने घरी विचारले, आणि पुतणसुनेने दूरध्वनीवर आम्हांसच निक्षून सांगितले, "काका, यंत्र बिघडलेलेच राहू द्या, पण त्यास हात लावू देऊ नका. आधी पत्रांची प्रत, मग काय ते."

तिचे म्हणणे शंभर हिश्श्यांनी बरोबर होते. फॉरमॅटने कधी कधी हा रोग जातोही. पण तोच सदोष ड्रायव्हर पुन्हा बसला की रोगही परत येतो, व दरम्यान घरातील कागदपत्रे गेलेली असतात. म्हणून कोणत्याही उपायापूर्वी बाहेरच्या तबकडीवर प्रत घ्यावी, व शक्य तर आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. त्याप्रमाणे एक प्रत अकोल्यास राहिली व दुसरी अमरावतीस आमच्या कपाटात आली.

मग शोध सुरू झाला. विंडोजमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' नावाची एक रोजवही असते, तिची दुकानदारांस फारशी आठवण होत नाही. शोधाच्या चौकटीत 'रिलायबिलिटी' हा शब्द लिहिला की ती उघडते. तीत दिवसवार रकाने असून, यंत्र अवेळी पडले त्या दिवशी तांबडी फुली असते, आणि नवीन काही बसविले असल्यास त्याचीही नोंद असते. पुतणसुनेच्या वहीत पहिली फुली ज्या दिवशी पडली, त्याच्या आदल्याच दिवशी वायफायचा नवा ड्रायव्हर आपोआप बसल्याची नोंद निघाली. पण त्याच आठवड्यात घरात नवा छापखानाही आला होता, आणि पुतण्याचा सारा रोष त्या छापखान्यावर! त्याने तो काढून ठेवला. दोन रात्री यंत्र सुखाने निजले. तिसऱ्या रात्री पुन्हा मेले. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडावी, तो हा काकतालीय न्याय. जो दोष कधी प्रकटतो व कधी प्रकटत नाही, त्याची परीक्षा एक-दोन रात्रींत होत नाही.

अशा प्रसंगी आमच्या नैय्यायिकांचा अन्वय-व्यतिरेक कामास येतो. एक असता दुसरे असते आणि ते नसता दुसरेही नसते, असे दोन्ही अंगांनी पटल्यावाचून कारण ठरवू नये. पुतणसुनेने एका वहीत रकाने आखले: तारीख, काय जोडले होते, काय बंद होते, सकाळी काय आढळले. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा नियम. 'डिव्हाइस मॅनेजर' मध्ये जाऊन वायफाय तात्पुरते बंद केले व छापखाना मुद्दाम जोडलेला ठेवला. सहा रात्री यंत्र सुखरूप जागे झाले. वायफाय चालू करून छापखाना काढला. चार रात्रींत दोनदा मेले. छापखाना निर्दोष सुटला. मग त्याच ठिकाणी वायफायच्या नावावर 'रोल बॅक ड्रायव्हर' ही कळ दाबून जुना ड्रायव्हर परत आणला, आणि त्या रात्रीपासून फुल्या थांबल्या. एक पैही खर्च झाली नाही. ज्यांच्या यंत्रात जुना ड्रायव्हर शिल्लक नसेल त्यांनी लॅपटॉप करणाऱ्या कंपनीच्या स्थळावरून आपल्या नमुन्याचा घ्यावा. भलत्या स्थळांवरून घेऊ नये.

येथे आमच्या प्रांतातील एका समजुतीविषयी लिहिणे अगत्याचे आहे. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो, त्यामुळे यंत्राचे काही बिनसले की आम्ही वऱ्हाडकर 'उन्हाने झाले' म्हणून मोकळे होतो. बहुतेक कंपन्या खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंतच असावे असे सांगतात, हे खरे. परंतु उष्णतेने पडणारे यंत्र प्रायः काम करताना पडते. निजताना ते थंड होत असते, तेव्हा केवळ झोपेत मरणाऱ्या यंत्राचा दोष उन्हाच्या माथी मारू नये. याला अपवाद स्वप्नावस्थेचा. तसे यंत्र झाकण मिटून पिशवीत घातले, बडनेऱ्यास गाडीत बसले, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत आत त्याची हालचाल चालूच राहिली, तर कोंडलेल्या उष्णतेने ते तव्यासारखे तापते व बॅटरीही संपते. प्रवासात हायबरनेटच करावे. 'कंट्रोल पॅनेल' मधील वीजविषयक भागात झाकण मिटल्यावर काय करावे हे ठरविता येते; तेथे हायबरनेट निवडावे. मूळ दोष सापडेपर्यंत घरीही हाच तात्पुरता उपाय पुष्कळदा पुरतो. बॅटरी फुगून यंत्राचे पोट वर आले असेल, तर मात्र प्रयोग करीत न बसता ते बंद करून जाणत्या कारागिराकडे न्यावे.

आणखी एक बारीक गोष्ट. यंत्र 'बंद करून चालू केले' असे लोक सांगतात. पण विंडोजच्या आठव्या आवृत्तीपासून 'फास्ट स्टार्टअप' नावाच्या सोयीमुळे बंद करतानाही व्यवस्थेचा गाभा तबकडीवर जपून ठेवला जातो व तोच पुन्हा उठविला जातो. जुना गोंधळ त्याबरोबर परत येतो. गाभा खरोखर नवा हवा असेल तर 'रीस्टार्ट' हीच कळ दाबावी.

ड्रायव्हर बदलूनही दोष न गेल्यास बायोस, म्हणजे यंत्राची जन्मजात आज्ञावली, नवी करावी लागते. हे काम भर विजेच्या लपंडावात करू नये. बॅटरी पूर्ण भरलेली व तार जोडलेली असावी. पुष्कळ नव्या यंत्रांत तबकडी कुलूपबंद असते, आणि बायोस बदलल्यावर यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. ती आधी शोधून कागदावर लिहून ठेविली नाही, तर आपल्याच घरात आपणांस शिरता येत नाही.

वायफायचा तो ड्रायव्हर पुढे सुधारून आला. पुतणसुनेने तो आल्याबरोबर बसविला नाही. पत्रांच्या दोन्ही प्रती ताज्या केल्या, मुलांच्या परीक्षा आटोपू दिल्या, वहीत नवे पान आखले आणि मगच बसविला. आठ रात्रींच्या नोंदी झाल्या आहेत व सर्व निर्विघ्न आहेत. पत्रांपैकी चाळीसेक अद्याप मोडीतच आहेत.