डोंगराचा बेत आणि घराचा हिशेब

मराठी घरात सहलीचा बेत बहुधा जेवणाच्या ताटावर ठरतो. कुणातरी एकाला उत्साहाचे भरते येते, तो हातातला घास तसाच ठेवून म्हणतो, ‘या डिसेंबरात सगळ्यांनी कळसूबाईला जायचं!’ पोरे टाळ्या पिटतात आणि बेत पक्का झाला असे सगळे धरून चालतात. गाडी कोणती, मुक्काम कुठे, स्वेटर किती, याची चर्चा चार दिवस रंगते. कोण किती चालू शकेल, कुणाच्या पाठीवर काय असेल, आणि निम्म्या वाटेवर कुणाचा पाय थकला तर त्याच्याजवळ कोण थांबेल, हे प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ते विचारणारा माणूस घरात कटकट्या ठरतो.

मी तेहेतीस वर्षे बँकेत अशा कटकटीचाच पगार घेतला. कर्जाचा अर्ज घेऊन येणारा माणूस नफ्याचा आकडा ठळक लिहून आणतो. अधिकाऱ्याने बघायचे असते ते त्याच्याखाली न लिहिलेले: पाऊस लांबला तर काय, यंत्र बंद पडले तर काय, स्वतःचे मार्जिन किती. ते विचारले म्हणून अर्जदार रागावतो. पण बुडालेली बहुतेक कर्जे मला आठवतात ती वाईट धंद्यांची नव्हेत. चांगल्याच धंद्यांची, पण मार्जिन न ठेवलेली. घरच्या डोंगरयात्रेचे असेच असते. आपण शिखर ठळक लिहितो आणि बाकीचे रकाने कोरे सोडतो. खोटे कशाला बोलू, माझ्या स्वतःच्या पहिल्या अर्जात तर सगळेच रकाने कोरे होते.

गोष्ट १९८८ सालची. आम्ही शाखेतली चार कुटुंबे मिळून कळसूबाईला गेलो होतो. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वर चढायचे. आमची पत्नी पहाटे तीनला उठली होती. पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, चटणी, शिवाय वर चहा हवा म्हणून स्टोव्ह, पातेले, कपबशा. हो, कपबशा! हे सगळे दोन पिशव्यांत भरून आम्ही निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते. मुलगा चार वर्षांचा. निम्म्याहून अधिक चढल्यावर तो रडकुंडीला आला. कुणीतरी थांबायला हवे होते. त्यावर कसलीही चर्चा झाली नाही. ही एका झाडाच्या सावलीत बसली, मुलगा तिच्या मांडीवर, दोन्ही पिशव्या शेजारी. आम्ही ‘आलोच तासाभरात’ म्हणून वर गेलो.

आलो ते साडेचारला. हिवाळ्याचा दिवस, सहा वाजता सूर्य मावळला तेव्हा आम्ही अजून कातळाच्या टप्प्यावर होतो. पंधरा माणसांत एक विजेरी, तिचेही सेल संपत आलेले. एका सहकाऱ्याचा पाय मुरगळला. मुलगा हिच्या कडेवर झोपला होता आणि ही पायाने दगड चाचपत उतरत होती. बारीत पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. त्यानंतर कितीतरी वर्षे ही हकिकत मी लोकांना साहस म्हणून सांगत आलो. शिखरावर काढलेला फोटो आमच्या आल्बममध्ये आहे. त्यात ही नाही, हे मला कधी खटकलेच नाही.

गेल्या दसऱ्याला तोच मुलगा, आता बेचाळिशीकडे झुकलेला, ताटावर बसून म्हणाला, ‘डिसेंबरात कळसूबाई करू. तीन दिवस, पाठीवर सॅक, अगदी मोजकं सामान. बाबा, तुम्ही आणि आई बारीतच थांबा. तुमचा गुडघा आहे.’ गुडघा आहे म्हणजे काय, दोन आहेत, असे काहीतरी मी चिडून बोललो. खरे म्हणजे मला लागले होते. सदुसष्टाव्या वर्षी माणसाला गुडघ्यापेक्षा ‘थांबा’ हा शब्द जास्त दुखतो. मी पुढे आणखी काही बोलणार, तेवढ्यात ही म्हणाली, ‘मी येणार आहे. आणि डबा मी करणार नाही.’

सगळे तिच्याकडे बघत राहिले. ती आमटी वाढत होती. ‘अठ्ठ्याऐंशी साली मी पिशव्या राखत बसले होते,’ ती म्हणाली, ‘वर काय आहे ते मला अजून ठाऊक नाही.’

त्या रात्री मला बारीत ऐकलेली कहाणी आठवली. काळसू नावाची कोळ्याची पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली. तिची अट एकच होती: सांगाल ते काम करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस घरात पाहुणे फार झाले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली आणि सरळ डोंगराची वाट धरली. पुन्हा खाली आली नाही. भांडी घासली त्या जागेला अजून थाळेमेळ म्हणतात आणि शिखरावर तिचे देऊळ आहे. नवरात्रात तिथे यात्रा भरते. भांडी घासायला नको म्हणणाऱ्या मुलीचा डोंगर आम्ही चढलो होतो, आणि तोही घरच्या बाईच्या हाती स्टोव्ह अन् पातेले देऊन.

तेव्हा दुसऱ्या दिवशी मी वही काढली, आणि बँकेत जे केले ते घरी केले.

पहिला रकाना वेळेचा. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब मांडला, तो अजून वापरात आहे. दर तीन मैल चालीला एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात सांगायचे तर पाच किलोमीटरला एक तास, सहाशे मीटर चढाला एक तास. बारीहून शिखर साधारण सहा किलोमीटर, चढ आठशे मीटरच्या आसपास. म्हणजे अडीच तास. पण हा हिशेब धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. आमच्यात नऊ वर्षांची नात आणि साठी ओलांडलेले दोघे. मी आकडा दुप्पट केला: पाच तास. मुलगा म्हणाला, ‘बाबा, आम्ही तीनात जाऊ.’ मी म्हटले, ‘तू जाशील. बेत तुझ्या पायाने आखायचा नाही. सगळ्यांत हळू पाऊल ज्याचं, त्याच्या पायाने आखायचा.’

दुसरा रकाना परत फिरण्याचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. सकाळी सहाला निघायचे. साडेअकराला, कुठेही असू, परत फिरायचे. शिखर दहा मिनिटांवर असले तरी. उतरायला चार तास धरले तर साडेतीनला पायथा, आणि अंधार पडायच्या आधी अडीच तास हातात. हे मार्जिन. ही वेळ घरीच ठरवायची, डोंगरावर नाही. कारण डोंगरावर आपण आपले राहात नाही. शिखर दिसत असते, पुढे गेलेली माणसे वरून हाका मारत असतात, आणि ‘एवढे आलोच आहोत तर’ हे चार शब्द कुणाच्या तरी तोंडून निघतात. याच चार शब्दांवर मी अनेक कर्जे बुडताना पाहिली आहेत.

तिसरा रकाना ओझ्याचा. नातीच्या पाठीवर तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक काही नको. मोठ्यांनी पाचव्या हिश्शापलीकडे जाऊ नये, आणि आमच्या वयाला त्याच्या निम्मे पुरे. माणशी तीन लिटर पाणी धरले की तिथेच तीन किलो झाले. म्हणजे कपबशा गेल्याच! प्रत्येकाजवळ डोक्याला बांधायची विजेरी, एक शिटी, गरम कपडा. जेवणाचे काम गावावर सोपवले. बारीत माणसे आपल्या घरी मुक्कामाला ठेवून घेतात, गरम पिठले-भाकरी करून देतात. त्यांना चार पैसे मिळतात आणि आपल्या घरातली एक बाई पहाटे तीनला उठत नाही. वाटेवरच्या खाण्यासाठी गूळ-शेंगदाणे, खजूर, दशम्या. दशम्या मुलाने केल्या. पहिल्या दिवशीच्या वातड झाल्या, पण केल्या.

चौथा रकाना माणसांचा. एकट्याने मागे राहायचे नाही, एकट्याने पुढे पळायचे नाही. कुणी थांबला तर त्याच्याबरोबर कोण थांबणार, त्याचे नाव घरीच लिहायचे. आणि दर वेळी एकच नाव लिहायचे नाही. माझ्याजवळ मुलगा थांबेल असे ठरले. सराव म्हणून आठ रविवार आम्ही ठाण्याहून येऊरच्या वाटेवर पाण्याच्या बाटल्या भरलेल्या सॅक घेऊन चाललो. डॉक्टरांना गुडघे दाखवले. ते म्हणाले, ‘चढताना तुमचं काही अडणार नाही, उतरताना बघा.’ हे बरेच लोक विसरतात. चढताना दम लागतो, पण गुडघ्याची परीक्षा उतारावर असते. म्हणून जो माणूस कष्टाने चढला, तो उतरेल कसा, हे चढतानाच विचारायला हवे.

एवढा हिशेब मांडल्यावर सहलीची मजा काय राहिली, असे काहींना वाटेल. आमच्या एका शेजाऱ्यांनी तसे म्हटलेही. ‘डोंगरात जायचं ते घड्याळ विसरायला!’ मला त्यांचे म्हणणे अर्धे पटते. विशीतल्या चौघा मित्रांनी घड्याळ विसरून जरूर जावे; ते आपापल्या जबाबदारीवर विसरतात. घरात तसे नसते. घरात एकाने घड्याळ विसरले की त्याची किंमत दुसरा कुणीतरी भरतो. १९८८ साली घड्याळ विसरलो मी, आणि अंधारात मूल कडेवर घेऊन उतरली ती. कुटुंबाच्या सहलीत बेफिकिरी ही फुकट मिळत नाही. ती कुणाच्या तरी खात्यावर नावे पडलेली असते. म्हणून माझे मत असे की, बेत आखताना घरातल्या दोन माणसांना आधी बोलू द्यावे: सगळ्यांत हळू चालणाऱ्याला, आणि सगळ्यांत जास्त राबणाऱ्याला. कित्येक घरांत ही दोन्ही मिळून एकच व्यक्ती असते. तिने ‘हो’ म्हटले तर बेत पक्का. बाकीच्यांच्या टाळ्यांना फारसा अर्थ नाही.

डिसेंबरात आम्ही गेलो. लोकलने कसारा, तिथून जीप करून इगतपुरी-घोटीमार्गे बारी. सुट्टीची गर्दी टाळून मधला वार धरला होता. सकाळी सहाला निघालो तेव्हा थंडी कडाक्याची होती आणि नातीच्या डोक्यावरची विजेरी सगळ्यांच्या पुढे हलत होती. लोखंडी शिड्यांपाशी तिला मध्ये घेतले. खाली तिचा बाप, वर तिची आई. ही माझ्या मागून येत होती. मध्येच म्हणाली, ‘तुम्ही हळू चालताय की माझ्यासाठी हळू चालताय?’ मी खरे ते सांगितले.

शेवटच्या शिडीखाली विहिरीजवळ पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. उजवा गुडघा ठणकत होता. वर जाणे अगदी अशक्य नव्हते. शिखर डोळ्यांसमोर होते आणि ते चार शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: उतरायची खात्री नसेल तर चढायचे नाही. मी बसलो. ठरल्याप्रमाणे मुलगा माझ्याजवळ बसला. सुनेने सगळ्यांच्या सॅक आमच्याजवळ ठेवल्या आणि त्या तिघी शिडीकडे गेल्या. शिडीवर ही एकदा थांबली, नातीने वरून काहीतरी सांगितले, आणि मग दिसेनाशी झाली.

सॅक राखत बसणे हे फार लांबलचक काम असते. तीस-पस्तीस मिनिटेच गेली असतील, पण १९८८ सालचे ते झाड, ते चार-पाच तास आणि ते मूल यांचा हिशेब तेवढ्या वेळात मला पुरता समजला. मुलाशी त्याबद्दल बोललो. त्याला त्या दिवसातले एकच आठवत होते: आईच्या पदराला रॉकेलचा वास येत होता.

सव्वाअकरा वाजून गेल्यावर त्या खाली आल्या. हिच्या कपाळाला कुंकू होते आणि केस वाऱ्याने विस्कटलेले होते. मी विचारले, ‘काय आहे वर?’

‘देऊळ आहे. अगदी लहानसं,’ ती म्हणाली. ‘आणि वारा फार आहे.’ मग तिने आपली सॅक उचलून पाठीला लावली आणि माझ्या मनगटावरचे घड्याळ पाहिले. ‘चला, साडेअकरा होताहेत. उतरायचं ठरलंय ना?’