रायफल शेवटी घ्यावी

कोल्हापूरकडच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ च्या ऑगस्टात पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीच्या स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला, आणि आपल्या बडोद्यातल्या जुन्या घरांतूनही नेमबाजीची चर्चा सुरू झाली. ज्या दिवाणखान्यात पणजोबांच्या शिकारीच्या तसबिरीखाली पान-सुपारीपलीकडे काही घडत नसे, तिथे आता नातू 'टेन मीटर'चे गुण सांगतो आणि आजोबा ते समजल्यासारखे मान डोलावतात. मला याचा आनंद आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली आणि तिच्याबरोबर आपल्याकडच्या बंदुकाही म्हाताऱ्या झाल्या. निवडणूक आली की ठाण्यात जमा व्हायचे आणि थोडा जास्त गंज घेऊन परत यायचे, एवढाच त्यांचा प्रवास उरला होता. नेम धरण्याची विद्या कागदाच्या लक्ष्यावर का होईना घरात परत येत असेल, तर कोणाला नको आहे?

परंतु चार घरांतून मला एकच प्रश्न आला, आणि तो ऐकून थोडी काळजी वाटली. मुलाला कोणती रायफल घ्यावी, आठ-दहा हजारांची देशी की अडीच-तीन लाखांची जर्मन? प्रश्न विचारणाऱ्यांच्या मुलांपैकी दोघांनी तोवर चांदमारीचे मैदान पाहिलेसुद्धा नव्हते.

हा प्रश्न काही आपल्यापुरता नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्यालाही तोच पडला आहे, फक्त त्याच्या हातातले हत्यार निराळे. तिथे करमणुकीच्या नेमबाजीसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल सर्रास वापरतात. म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसते. १९६४ साली रूगर कंपनीने काढलेली पॉइंट टू-टूची 'टेन-ट्वेंटीटू' ही त्या जातीतली साधी आणि स्वस्त रायफल. पण तिची साधी नळी काढून जाड नळी, मूळचा चाप काढून हलका चाप, लाकडी दस्ता काढून दुसरा, वर दुर्बीण, असे करता करता सामानाचा खर्च रायफलीच्या वर जातो. मग ज्याला त्याला वाटते की सुरुवातीलाच सजवलेली घेतली असती तर बरे झाले असते. पुतण्याला मी कळवले की साधीच घे, आणि सामानाच्या पैशांची काडतुसे घे. ती संपल्यावर काय कमी पडते ते तुझे तुलाच कळेल. तिथल्या कायद्याची बाजू निराळी, राज्याराज्यांत वेगळी, तीत मी शिरत नाही. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक बंदुका साधारणपणे निषिद्ध वर्गात मोडतात, तेव्हा तो मोह आपल्याला नाही. आपला प्रश्न एअर रायफलीचा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागतो, त्याखालच्या रायफलीला लागत नाही. म्हणूनच ती मुलांच्या हाती लवकर येते, आणि बापाच्या खिशालाही.

आता स्वस्त आणि महाग यांत खरोखर फरक काय, ते आधी पाहू. कारण 'सगळे नेमबाजावर असते, हत्यारात काय आहे?' असे म्हणणारी मंडळीही आपल्यात आहेत, आणि तेही खरे नाही.

स्वस्त देशी रायफल बहुधा स्प्रिंगची. नळी मोडायची, स्प्रिंग दाबली जाते, छर्रा घालायचा, चाप ओढायचा. स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा दबते आणि छर्रा निघतो. म्हणजे छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच रायफलीच्या पोटात एक जड लोखंडी तुकडा धावत असतो. रायफल हलते, आणि ती प्रत्येक वेळी किती हलणार हे तुम्ही ती किती घट्ट धरली आहे यावर ठरते. स्पर्धेच्या महाग रायफलीत स्प्रिंगच नसते. नळीखालच्या नळकांड्यात सुमारे २०० बार दाबाची हवा भरलेली असते (मोटारीच्या चाकात ती दोन-सव्वादोन असते), आणि चाप ओढला की तिच्यातली मोजून तेवढीच हवा सुटते. हादरा जवळजवळ नाही. चाप बोटाच्या विचारानेच सुटावा इतका हलका करता येतो. दस्त्याची लांबी, गालाखालची उशी, खांद्याकडचा भाग हे सगळे स्क्रूने पुढेमागे होते.

लक्ष्याचे माप लक्षात घेतले म्हणजे हे लाड कशासाठी ते समजते. दहा मीटरवरचे ते लक्ष्य सारे मिळून साडेपंचेचाळीस मिलिमीटर रुंद. त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. छर्रा मात्र साडेचार मिलिमीटरचा! म्हणजे ठिपक्यापेक्षा नऊपट जाड वस्तूने त्या ठिपक्याचा मध्य शोधायचा. २०१३ पासून तर दशांशात गुण मोजतात, त्यामुळे दहा मारूनही भागत नाही, १०.९ पर्यंतची चढाओढ असते. इथे स्प्रिंगची रायफल घेऊन उतरणे म्हणजे बैलगाडी घेऊन शर्यतीला जाणे.

तर मग तीन लाखांचीच घ्यावी का? नाही. माझे म्हणणे असे आहे की पहिले वर्ष कुठलीच घेऊ नये.

हे ऐकून मंडळी नाराज होतात. आपल्याकडे हौस वस्तूपासून सुरू होते. संगीत शिकायचे म्हणजे आधी मिरजेहून तानपुरा मागवायचा, मग गुरू शोधायचा. बडोदेकरांना तर ही सवय राजघराण्यापासून आहे. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा ओतवल्या, आणि मल्हारराव महाराजांनी त्यांवर ताण म्हणून सोन्याच्या करवल्या. सलाम्या झडल्या, पाहुणे थक्क झाले, परंतु त्या तोफांनी कुठला किल्ला घेतल्याचे मी वाचलेले नाही. याच शहरात जुम्मादादांची तालीम होती आणि प्रोफेसर माणिकराव होते, हे मात्र आपण विसरतो. तालमीत पहिल्या दिवशी कोणाच्या हाती जड मुद्गल देत नसत. आधी जोर, आधी बैठका, आणि मुद्गल तालमीचा.

क्लबची रायफल ही तालमीच्या मुद्गलासारखी. दहा हातांतून गेलेली, दस्त्याला ओरखडे, पण हवेच्या दाबाची आणि मापाची. पहिल्या वर्षात मुलाला जे शिकायचे असते ते असे: पाय किती फाकवावे, कंबर कुठे टेकवावी, श्वास कुठे थांबवावा, चाप ओढताना बाकीचे शरीर कसे विसरावे. यातले काहीही रायफलीच्या किमतीवर अवलंबून नाही. उलट यातले पुष्कळसे छर्रा न घालताच करायचे असते. रिकाम्या रायफलीने भिंतीवरच्या ठिपक्यावर अर्धा तास नेम धरणे हा जगभरच्या नेमबाजांचा रियाज आहे, आणि त्याला खर्च शून्य.

खर्च कुठे करावा? शिकवणाऱ्यावर. त्याखालोखाल छर्ऱ्यांवर. रोज ऐंशी छर्रे मारले तर पाचशेचा डबा आठवड्यात संपतो. वर्षाला पन्नास डबे. स्पर्धेच्या दर्जाच्या डब्याचा भाव दुकानात विचारावा आणि पन्नासाने गुणावे, म्हणजे रायफलीचा भाव विचारण्याची घाई आपोआप ओसरते. छर्ऱ्यांतही ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर असे बारीक भेद असतात, आणि एकाच घरच्या दोन रायफलींना एकच डबा मानवेल असे नाही. त्यानंतर जाकीट. ते जाड, ताठ जाकीट पाठ सावरून धरते, आणि वाढत्या मुलाच्या मणक्याला त्याची गरज रायफलीहून आधी असते. साडेचार-पाच किलोचा भार एका बाजूला तोलून तासभर उभे राहायचे म्हणजे काय, ते वडिलांनी एकदा स्वतः करून पाहावे.

आमच्या ओळखीच्या एका घरी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडून परदेशी रायफल आणली. विकणाऱ्याने सांगितले की हिच्यावर मुलगी थेट राष्ट्रीय स्पर्धेला जाईल. रायफल उत्तम होती, यात शंका नाही. पण दस्ता सगळ्यात आखूड केला तरी तिच्या खांद्याला लांबच. आठ महिन्यांनी त्या मुलीला खेळ नकोसा झाला, तिला चित्रकलेकडे जायचे होते. पण कपाटात तिच्या नावाचे तीन लाख ठेवलेले! ती आणखी दीड वर्ष रोज संध्याकाळी मुकाट्याने जात राहिली. घरी कोणी तिला एक शब्दही बोलले नसते, हे मला पक्के ठाऊक आहे. आणि तिचे आई-बाप काही उधळे नव्हेत. मुलीला कमी पडू नये एवढाच त्यांचा हेतू होता. वस्तू एवढी महाग असली की बारा वर्षांच्या मुलाचा 'नको' म्हणण्याचा हक्क आपण नकळत विकत घेतो, आणि खेळात तो हक्क फार मोलाचा आहे.

यावर कोणी अभिनव बिंद्रांचे नाव पुढे करील. २००८ साली बेजिंगला याच दहा मीटरच्या रायफलीवर त्यांनी सुवर्णपदक मिळवले, आणि त्यांच्या घरी तर स्वतःचे मैदान होते, उत्तमातली उत्तम साधने होती. खरे आहे. साधनांनी फरक पडतो, हे मी वर सांगितलेच. पण अंतिम फेरीच्या तोंडावर, चाचणीच्या गोळ्यांत, त्याच उत्तम रायफलीचा नेम भलतीकडे जाऊ लागला होता. हाताशी असलेल्या थोड्या मिनिटांत त्यांनी माशी पुन्हा जुळवली आणि शेवटचा छर्रा १०.८ चा मारला. माशी किती खुणा फिरवायची हे रायफल सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. क्लबमध्ये रायफली थोड्या, मुले जास्त, पाळी यायला तास लागतो, असे पालक म्हणतात. यावर उपाय घरोघरी रायफल हा नव्हे; दोन-तीन घरांनी मिळून क्लबला एक देशी बनावटीची हवेच्या दाबाची रायफल द्यावी. तसल्या रायफली आता आपल्याकडे होतात आणि परदेशी रायफलीच्या बऱ्याच खाली मिळतात. भारताच्या रायफल असोसिएशनची स्थापना १९५१ सालची, आणि तिचे पहिले अध्यक्ष म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. त्यांचा जन्म १८८८ चा, आपल्या बडोद्यातलाच. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची वाट म्हणून ओळखली जाते. नेमबाजी सामान्य लोकांत रुजावी म्हणून ती संस्था निघाली. त्या गावात हा खेळ मुदतठेवी मोडणाऱ्यांपुरता राहिला, तर ते शोभणार नाही.

स्प्रिंगच्या रायफलीविषयी मला आकस नाही. अंगणात, मागे मातीची भिंत असेल तर, सुट्टीत डबे पाडायला ती छान आहे. मुलांच्या डोळ्यांवर चष्मा असावा, कारण छर्रा कठीण वस्तूवरून उलटतो. आणि छपरावरच्या पोपटावर नेम धरू देऊ नये, तो कायद्याने संरक्षित आहे. मात्र तिच्यावर मुलगा स्पर्धेसाठी तयार होईल अशा समजुतीने ती घेऊ नये. हादरा सावरण्याची जी सवय तिथे लागते, ती पुढे मोडावी लागते.

वर्षभराने, मुलगा स्वतः जाऊ म्हणत असेल, गुण चढत असतील आणि शिकवणारा म्हणत असेल की आता रायफल आड येते, तर जरूर घ्यावी. त्यातही मी जुनी पाहीन. खेळ सोडलेल्यांच्या उत्तम रायफली विकायला निघतात, आणि नळीची झीज या खेळात फारच थोडी. मुलाला दुकानात घेऊन जावे, दस्ता त्याच्या खांद्याला लावून पाहावा, तो आणखी दोन इंच वाढला तर पुरेल का तेही पाहावे. आणि हवेच्या नळकांड्यावर कोरलेली तारीख वाचावी. त्याचे आयुष्य साधारणपणे दहा वर्षांचे धरतात. ते उलटले असेल तर नव्या नळकांड्याची किंमत भावातून वजा करून मागावी, आणि 'अजून चालते की' म्हणत तेच भरून द्यायला जो तयार होईल, त्याच्याकडून रायफलही घेऊ नये.