सामान्यज्ञान : गाईड जुने, प्रश्न नवे



जयंती जवळ आली की वस्त्यावस्त्यांतून निबंध, वक्तृत्व आणि प्रश्नमंजूषा यांची गडबड उडते. 'कोणते गाईड घ्यावे?' असे आम्हांला हमखास विचारले जाते. आमचे उत्तर ठरलेले आहे. कोणतेही घ्या, पण ते कोणत्या साली छापले ते आधी पाहा. विड्या वळून घर चालवणाऱ्या आईला दरवर्षी नवे पुस्तक आणणे परवडत नाही. थोरल्या भावाचे किंवा रद्दीतले वापरावे लागते. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र जुन्या पानावरचे उत्तर भर सभेत तोंडघशी पाडते, ते कसे ते पाहू.

सोलापूर जिल्ह्याच्या शेजारचे जिल्हे सांगा. जुने गाईड म्हणेल अहमदनगर, उस्मानाबाद, पुणे, सातारा, सांगली आणि कर्नाटकातले विजापूर व गुलबर्गा. आज यातली चार नावे बदलली आहेत. उस्मानाबादचे २०२३ मध्ये धाराशिव झाले, अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर. विजापूर आणि गुलबर्गा यांची नावे २०१४ मध्येच विजयपुरा आणि कलबुर्गी अशी झाली. त्याच वर्षी पालघर वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले. गाईडात ३५ दिसले तर ते त्याआधीचे समजा. आपल्या विद्यापीठाचेही तसेच. १ ऑगस्ट २००४ रोजी ते सुरू झाले तेव्हा नाव होते सोलापूर विद्यापीठ; २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. तालुके तेवढे ११ आहेत. ते पाठ करा.

आता फसव्या प्रश्नांकडे वळू. एका स्पर्धेत विचारले गेले, 'बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष कोण?' एका मुलीने सांगितले, सर चिमणलाल सेटलवाड. परीक्षकांच्या कागदावर बाबासाहेबांचे नाव होते. मुलीचे गुण गेले आणि ती मुकाट्याने खाली बसली. उत्तर तिचेच बरोबर होते. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या या सभेचे अध्यक्ष सेटलवाडच होते. बाबासाहेब होते तिच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष, आणि सीताराम शिवतरकर चिटणीस. धनंजय कीरांच्या चरित्रात हे मिळते. मुलांनो, उत्तर कुठल्या पुस्तकात वाचले त्याचे नाव वहीत टिपून ठेवा आणि असा प्रसंग आला तर उभे राहून, 'सर, या पुस्तकात असे आहे,' असे नम्रपणे सांगा. परीक्षकांनीही रागावू नये. ज्या मुलाला उत्तर येते त्यालाच आपण गप्प बसवणार असू तर स्पर्धा भरवायची कशाला?

याच जातीचा दुसरा प्रश्न म्हणजे घटना समितीचे अध्यक्ष कोण? घाईत बाबासाहेबांचे नाव येते. अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद होते. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष. ही सात जणांची समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली गेली. प्रश्न कान देऊन ऐकला तर यात अवघड काही नाही.

सभेचा विषय निघालाच आहे, तर सोलापूरच्या प्रत्येक मुलाला यावे असे एक उत्तर सांगतो. या सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले ते कुठे? मुंबईत नव्हे, पुण्यातही नव्हे. ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्या सोलापुरात! सभा स्थापन होऊन सहा महिनेही झाले नव्हते. खेड्यातल्या मुलाला हायस्कूल शिकायचे तर शहरात राहायला जागा हवी आणि दोन वेळचे जेवण हवे; अस्पृश्याच्या मुलाला भाड्याने खोली कोण देणार? म्हणून आधी वसतिगृह. आम्ही पाहिलेल्या कुठल्याच प्रश्नसंचात हा प्रश्न नाही. आपणच तो विचारायला लागू.

चोखोबांवरचा एक प्रश्न असाच आपल्या जिल्ह्यातला. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ते कोसळले आणि त्याखाली चोखामेळा गेले, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरला नामदेव पायरीजवळ आहे. आता प्रश्न ऐका : बाबासाहेबांनी १९४८ मध्ये आपला कोणता ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला? उत्तर, 'द अनटचेबल्स'.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज शाळेला जाणारी मुलेही त्यांची तारीख चुकवतात, याचे आम्हांला नवल वाटते. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ रोजी. २३ मार्च १९३१ ही भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांची तारीख. साल एकच, म्हणून घोटाळा होतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, एवढे सर्वांना येते. पण पथकात डॉक्टर किती? पाच. काँग्रेसने १९३८ मध्ये हे पथक चीनला धाडले तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते, आणि पथकाचे प्रमुख कोटणीस नव्हे, डॉ. अटल. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहून जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. शांतारामबापूंचा चित्रपट १९४६ चा.

आता तुमची पाळी. राष्ट्रध्वजावरील चक्राला आरे किती? ते चक्र कोणत्या गावच्या स्तंभावरून घेतले? घटना समितीने हा ध्वज कोणत्या दिवशी स्वीकारला? उत्तरांबरोबर पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांक लिहायला विसरू नका.