मुकादमाची वही आणि आपली वही

दिवाळी जवळ आली की मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या भागातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. दाराला कुलूप, मागे राहिलेली म्हातारी माणसे, आणि सडकेला ट्रॅक्टरची वाट पाहत बसलेली बिऱ्हाडे. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातो, कोणी कर्नाटकात. तोडणी चालते थंडीत, पण खरा व्यवहार आधीच, पावसाळ्यात झालेला असतो. हाताला काम नसते, घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल घेऊन दारात येतो.

आम्ही पेशाने कारकून. उभा जन्म जमा-नावे लिहिण्यात चालला आहे. त्यामुळे कोणी गाऱ्हाणे घेऊन आले की आम्ही आधी कागद मागतो. मागच्या उन्हाळ्यात मुखेड तालुक्यातले एक जोडपे आमच्याकडे आले. एका कोयत्याची उचल 80 हजार. नवरा-बायको पाच महिने राबली. पट्टा पडला त्या दिवशी मुकादमाने वही उघडली आणि 34 हजार बाकी निघते म्हणून सांगितले. कशी निघते? बाई आठ दिवस तापाने पडली, तो खाडा. आठवड्याच्या बाजाराला दिलेली खर्ची. ट्रॅक्टर फडात रुतला, त्याचाही वाटा यांच्याच नावावर! आणि ही बाकी फिटेपर्यंत त्यांचा 16 वर्षांचा मुलगा मुकादमाने स्वतःच्या शेतावर ठेवून घेतला.

"तुमच्याजवळ काय लिहिलेलं आहे?" आम्ही विचारले.

"लिहिलेलं समदं मुकादमाजवळ हाय, दादा."

एवढ्या एका वाक्यात सगळे आले. एकच वही, ती धन्याची, आणि ती वाचणाराही तोच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. घटनेचे 17 वे कलम आपल्या मुलांना तोंडपाठ असते. 23 वे क्वचितच कोणाला आठवते. त्या कलमाने वेठबिगार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी केली. त्याच आधारावर 1976 साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला, तो आजही लागू आहे. उचल फिटली नाही म्हणून माणसाला अडवून ठेवणे, दुसरीकडे कामाला जाऊ न देणे, त्याच्याबदली घरच्या माणसाला राबवणे, ही या कायद्याने वेठबिगारीच ठरते. अशा कर्जाची फेड करण्याची जबाबदारीच हा कायदा संपवतो. वेठबिगारीस भाग पाडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय मजुराने हे वेठीचे कर्ज आहे असे म्हटले, तर तसे नाही हे सिद्ध करण्याचा बोजा सावकारावर येतो. 1983 साली फरिदाबादजवळच्या दगडखाणीतील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मजुराच्याच बाजूने गृहीत धरावे असे सांगितले.

याचा अर्थ उचल घ्यावी आणि बुडवावी, असे कोणी करू नये. घेतलेला पैसा कामातून फेडावाच. पण फिटला किती, हे आपल्यालाही कळले पाहिजे.

लातूरच्या आडतीवरचा हमाल आणि आपला ऊसतोड्या यांत कष्टाचा फरक नाही, हिशेबाचा आहे. 1969 च्या माथाडी कायद्याखाली नोंद झालेल्या हमालाची मजुरी मंडळात जमा होते आणि तिथून त्याला मिळते. हिशेब तिसऱ्याकडे राहतो. ऊसतोडीला असा तिसरा कोणी नाही. जानेवारी 2024 मध्ये संघटनांनी भांडून तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ पदरात पाडून घेतली. चांगलेच झाले. पण टन किती भरले हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती ती वाढ पुरी पडली की नाही हे कोण बघणार?

तेव्हा शंभर पानी वही घ्या. तारीख, फडाचे गाव, काट्याच्या पावतीवरचे वजन, खर्ची, खाडा. दर आठवड्याला मुकादमाची सही मागा. तो देणार नाही, तरी मागा. टोळीतल्या दोघांदेखत लिहा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. आणि माणूस अडवला गेलाच तर तहसीलदार, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज करा. अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. हे आम्ही कारकून म्हणून सांगतो.

त्या जोडप्याचा अर्ज आम्हीच लिहिला. नवव्या दिवशी मुलगा घरी आला. पण मुकादमाने जबाब दिला की तो राजीखुशीने कामाला होता, आणि प्रकरण तिथेच थांबले. मुक्ततेचा दाखला मिळाला नाही, पाच महिन्यांचा हिशेबही झाला नाही.

यंदा पावसाळ्यात त्यांनी पुन्हा उचल घेतली, दुसऱ्या मुकादमाकडून. आम्ही रागावलो. बाई म्हणाली, "मग घरी काय खावं, दादा?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

मुलगी आठवीत आहे, ती आजीजवळ राहिली. रविवारी रात्री आई फोनवर आकडे सांगते आणि मुलगी वहीत उतरवते. परवा आम्ही ती वही पाहून आलो. तिसऱ्या पानावर खर्चीचे 500 रुपये दोनदा पडले होते. पोरीने आईला विचारून एक खोडले आणि बाजूला तारीख टाकली.