शिव्यांचा पाहुणचार

बौद्ध बंधुभगिनींनो,

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने अलिबाग-श्रीवर्धनचा किनारा झोडपला व मोबाइल मुके झाले, तेव्हा मुंबईतील मुलांचा जीव टांगणीला लागला होता. मोबाइलची गरज आम्ही नाकारीत नाही. परंतु आपल्या दीक्षेवरून गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे टोमणे मध्यरात्री पुन्हा पुन्हा वाचून आपल्या मुलांची झोप उडते, हे आपण पाहता ना? १९२७ साली महाडास काठ्यांचा मार होता. हा मार उशाशी येऊन बसतो.

शिव्या देणाऱ्या भारद्वाज ब्राह्मणास भगवान बुद्धांनी विचारले होते, पाहुण्याने न घेतलेले अन्न कोणाचे? यजमानाचेच! शिव्यांचेही तसेच. मात्र न स्वीकारणे म्हणजे निमूट सोसणे नव्हे. दीक्षेने अनुसूचित जातीचे संरक्षण जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने ते बौद्धांनाही आहे. चारचौघांदेखत केलेला जातीय अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरतो. तेव्हा तो मजकूर रागाने पुसून टाकू नका, जपून ठेवा व पोलीस ठाण्यात दाखवा. आणि मुलगा जेवेनासा, बोलेनासा झाला, तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर विचारा. तेथे मराठीतही बोलतात व पैसे पडत नाहीत.